चीन-अमेरिकेचं भांडण झालं, मग आपल्या सोयाबीनचा दर का वाढला नाही?

कोल्हापूर : "चीननं अमेरिकेचं सोयाबीन घेणं बंद केलं, आता भारताचं सोयाबीन चीनला जाणार, दर सात हजार होणार, कुणी माल विकू नका." सोयाबीनच्या काढणीच्या सुमारास असे मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतात. काहींनी त्यावर विश्वास ठेवून पोती घरात लावून ठेवली. काहींनी दिवाळी आणि उसाच्या लागणीचा खर्च समोर दिसला म्हणून मिळेल त्या दरानं माल घातला. २०२५ च्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आणि खुल्या बाजारात दर चार ते साडेचार हजारांच्या आसपास, असं चित्र राहिलं.

मेसेजमधली पहिली गोष्ट खरी होती. चीननं अमेरिकेचं सोयाबीन खरंच घेणं थांबवलं होतं. पण त्यामुळं आपला दर वाढेल, ही दुसरी गोष्ट खरी ठरली नाही. असं का झालं, हे नीट समजून घेतलं तर पुढच्या वेळी असा मेसेज आल्यावर काय करायचं ते आपलं आपल्याला ठरवता येईल.

भांडण नेमकं काय आहे?

जगात सगळ्यात जास्त सोयाबीन विकत घेणारा देश चीन. २०२४ मध्ये चीननं १० कोटी टनांहून जास्त सोयाबीन बाहेरून आणलं. एवढं कशाला? तिथं डुकरं आणि कोंबड्या प्रचंड प्रमाणात पाळल्या जातात आणि त्यांच्या खाद्यात सोयाबीनची पेंड लागते. चीन अख्खा दाणा विकत घेतो आणि आपल्या बंदरांजवळच्या कारखान्यांत त्याचं तेल आणि पेंड करतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

हा माल पूर्वी मुख्यतः अमेरिका आणि ब्राझील या दोन देशांतून जायचा. २०१८ मध्ये अमेरिकेनं चिनी मालावर जादा कर लावला. उत्तर म्हणून चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के कर लावला. चीनला होणारी अमेरिकेची सोयाबीन विक्री २०१७ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलर होती, ती २०१८ मध्ये ३ अब्ज डॉलरच्या आसपास आली. अमेरिकन सरकारला शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली. २०२० च्या जानेवारीत दोन्ही देशांत समझोता झाला.

२०२५ मध्ये तेच पुन्हा घडलं. दोघांनी एकमेकांवर कर चढवले आणि नवीन हंगामाचं अमेरिकन सोयाबीन चीननं महिनोन्‌महिने घेतलंच नाही. शेवटी ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात दोन्ही देशांचे अध्यक्ष भेटले. चीन २०२५ संपेपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी अडीच कोटी टन सोयाबीन घेईल, असं अमेरिकेनं जाहीर केलं.

चीनची गरज कुणी भागवली?

भांडणाच्या काळात चीनमधल्या कोंबड्या उपाशी राहिल्या नाहीत. ब्राझीलनं माल दिला. २०१८ पासून ब्राझीलनं सोयाबीनचं क्षेत्र वाढवत नेलं आणि आता चीनच्या आयातीतला साधारण ७० टक्के माल एकट्या ब्राझीलचा असतो. अमेरिकेचा वाटा २०२४ मध्ये पाचव्या हिश्शावर आला होता.

अर्जेंटिनानंही संधी साधली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं धान्यावरचा निर्यात कर थोड्या दिवसांसाठी काढून टाकला. दोन-तीन दिवसांतच ठरलेल्या रकमेचे सौदे पूर्ण झाले आणि कर परत लागू झाला. तेवढ्या वेळात चिनी खरेदीदारांनी जहाजंच्या जहाजं बुक केली.

आपण या रांगेत का नव्हतो? पहिलं कारण, चीनला अख्खा दाणा लागतो आणि तोही कोट्यवधी टन. आपल्या देशाचं सगळं उत्पादन मिळून सव्वा कोटी टनांच्या आसपास भरतं आणि ते आपल्याच तेल गिरण्यांना लागतं. आपण बाहेर विकतो ती मुख्यतः पेंड. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. ते म्हणजे दर.

शिकागोचा दर आपल्या क्विंटलमध्ये

जगातला सोयाबीनचा दर अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या वायदे बाजारावरून ठरतो. तिथं माप क्विंटल नाही, बुशेल आहे. एक बुशेल सोयाबीन म्हणजे २७.२ किलो.

आता आपण हिशेब करू. शिकागोचा दर १० डॉलर बुशेल आणि एक डॉलर ८८ रुपये धरला, तर २७.२ किलोचे ८८० रुपये झाले. म्हणजे किलोला ३२ रुपये ३५ पैसे. क्विंटलला साधारण ३,२३५ रुपये.

बुसानच्या भेटीनंतर शिकागोचा दर ११ डॉलरच्या वर गेला. ११ डॉलरनं हिशेब केला तरी क्विंटलला ३,५६० रुपयांच्या आसपासच येतो. जहाजाचं भाडं यात धरलेलं नाही.

म्हणजे २०२५ च्या हंगामात आपल्याला परवडत नव्हता असा जो चार-सव्वाचार हजारांचा दर होता, तोसुद्धा जगाच्या दरापेक्षा जास्त होता. मग चीनचा व्यापारी स्वस्त माल सोडून आपल्याकडं कशाला येईल?

यात आपल्या शेतकऱ्याची चूक नाही. अमेरिका आणि ब्राझीलमध्ये शेकडो-हजारो एकरांची शेती, मोठी यंत्रं आणि जीएम बियाणं. आपल्याकडं दोन-तीन एकर, भांगलणीला मजूर, वर पावसाचा भरवसा नाही. त्यांच्या दरात आपला खर्च निघणारच नाही. म्हणूनच आपल्याकडं हमीभाव आणि आयात शुल्क या दोन गोष्टींची गरज पडते.

आपला दर ठरतो कसा?

व्यापाऱ्यानं काट्यावर सांगितलेला दर मुळात तेल गिरणीकडून आलेला असतो. गिरणीचा हिशेब सोपा आहे. १०० किलो सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. बाकी घट.

उदाहरण म्हणून समजा, घाऊक बाजारात तेल १२० रुपये किलो आणि पेंड ३२ रुपये किलो आहे.

तेलाचे : १८ × १२० = २,१६० रुपये
पेंडीचे : ८० × ३२ = २,५६० रुपये
एकूण : ४,७२० रुपये

यातून गिरणीचा खर्च, वाहतूक, आडत आणि नफा वजा करा. राहतं ते चार ते साडेचार हजार. हाच तुमचा दर.

या हिशेबातून एक गोष्ट दिसते. आपण सोयाबीनला तेलबिया म्हणतो, पण पैसा पेंडीत जास्त आहे. तेल किलोला १० रुपयांनी महागलं तर क्विंटलमागं १८० रुपये वाढतात. पण पेंड किलोला नुसती ५ रुपयांनी उतरली तरी क्विंटलमागं ४०० रुपये जातात. त्यामुळं पेंड कुठं खपते, यावर तुमचा दर जास्त अवलंबून आहे.

आपली पेंड नेपाळ, बांगलादेश, जर्मनी, फ्रान्स अशा देशांत जाते. युरोपातले काही खरेदीदार आपली पेंड मुद्दाम घेतात, कारण आपलं सोयाबीन जीएम नाही. पण हा बाजार छोटा आहे. वर्षाला २० लाख टनांच्या आसपास पेंड बाहेर जाते. जगाच्या पेंडीच्या बाजारात मोठा व्यापारी अर्जेंटिना. त्यांची पेंड स्वस्त झाली की आपली मागं पडते.

देशातही पेंडीला नवा स्पर्धक आला आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना जो चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. कोंबडी आणि जनावरांच्या खाद्यात तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून खाद्य कारखाने तो वापरू लागले. इथेनॉलमुळं आपल्या भागातल्या साखर कारखान्यांना आधार मिळाला, पण धान्याच्या इथेनॉलनं सोयाबीनच्या पेंडीचं गिऱ्हाईक थोडं पळवलं.

भांडणाचा फायदा झाला, पण मोहरीला

दोन देशांच्या भांडणात तिसऱ्याचा फायदा कधीच होत नाही असं नाही. मार्च २०२५ मध्ये चीननं कॅनडाच्या मोहरीवर्गीय पेंडीवर १०० टक्के कर लावला. तिथं मात्र भारताला दार उघडलं. भारतातून चीनला जाणारी मोहरीची पेंड एकदम वाढली आणि राजस्थानसारख्या मोहरी पिकवणाऱ्या राज्यांतल्या गिरण्यांना गिऱ्हाईक मिळालं.

फरक काय? मोहरीच्या बाबतीत चीनला पेंडच पाहिजे होती, आपल्याकडं ती होती आणि आपला दर परवडणारा होता. सोयाबीनच्या बाबतीत त्यांना दाणा पाहिजे होता आणि आपला दर परवडणारा नव्हता. तेव्हा "अमुक देशानं तमुक देशाचा माल बंद केला" अशी बातमी आली, की आधी दोन प्रश्न विचारा. त्यांना जे पाहिजे तेच आपण विकतो का? आणि आपला दर त्यांना परवडतो का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच आशा धरा.

शिकागोपेक्षा दिल्ली जवळ

आपल्या दरावर चीन-अमेरिकेपेक्षा थेट परिणाम करतात ते दिल्लीचे निर्णय. त्याची तीन उदाहरणं बघू.

पहिलं, २०२१. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीननं दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता, अनेकांना आठवत असेल. कोंबडी खाद्य महागल्याची ओरड झाली. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवीन माल बाजारात यायच्या तोंडावर दर कोसळला आणि काढणीच्या वेळी पाच-सहा हजारांवर आला. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदेही बंद केले गेले.

दुसरं, सप्टेंबर २०२४. केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. सगळे उपकर धरून ते २७.५ टक्के झालं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा चांगला निर्णय होता.

तिसरं, ३० मे २०२५. खाद्यतेल महागलं म्हणून कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं. पेरणीच्या तोंडावर. या ११ टक्क्यांचा अर्थ काय? बाहेरचं तेल बंदरात किलोला ९०-१०० रुपयांना उतरतं असं धरलं, तर किलोमागं साधारण १० रुपये. वरच्या हिशेबानं क्विंटलला १८० रुपये. एकरी आठ क्विंटल निघत असेल तर एकरामागं १,४४० रुपये.

सरकारपुढं दोन्ही बाजू असतात. आपला देश वर्षाला १६० लाख टनांच्या आसपास खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. शुल्क वाढवलं की किराणा दुकानात तेलाची पिशवी महाग होते. ती पिशवी शेतकऱ्याच्या घरातही लागते. पण शहरातल्या ग्राहकाची ओरड लगेच ऐकू जाते आणि शेतकऱ्याचं नुकसान काट्यावर गुपचूप होऊन जातं, हाही अनुभव आहे.

आता आणखी एक विषय पुढं आहे. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लावला. त्या वर्षीच्या व्यापाराच्या बोलण्यांत आपला मका आणि सोयाबीन भारतानं घ्यावा, असा अमेरिकेचा आग्रह होता. आज आपल्याकडं बाहेरच्या जीएम सोयाबीनचं तेल येतं, पण जीएम दाणा येत नाही. दाणा किंवा पेंड यायला दार उघडलं, तर साडेतीन हजारांचा माल थेट आपल्या मालाशेजारी उभा राहील. म्हणून चीन अमेरिकेचं सोयाबीन घेतो की नाही, यात आपला थोडा संबंध आहेच. चीननं घेतलं नाही, तर अमेरिका नवीन गिऱ्हाईक शोधणार आणि त्यात आपल्यावर दबाव येणार. म्हणजे ज्या बातमीवर आपण खूश होत होतो, ती खरं तर आपल्या काळजीची होती.

मग आपल्या हातात काय आहे?

गडहिंग्लज, कागल, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात सोयाबीन म्हणजे दिवाळीचा आणि उसाच्या लागणीचा पैसा. उसाला एफआरपी आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, आणि ती कारखान्यानं द्यावीच लागते. सोयाबीनचं तसं नाही. हमीभाव मिळवायचा तर सरकारी खरेदी केंद्रावर जावं लागतं आणि त्याची तयारी आपल्यालाच करावी लागते.

१. ई-पीक पाहणी : सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसेल तर खरेदी केंद्रावर अडचण येते. पीक उभं असतानाच मोबाईलवरून नोंद करा. आधार, सातबारा आणि बँक पासबुक तयार ठेवा. खरेदीची नोंदणी सुरू झाल्याबरोबर करा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

२. मॉइश्चर : केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ मध्ये ती तेवढ्या हंगामापुरती १५ टक्के केली होती, पण दरवर्षी तसं होईल हे धरून चालू नका. वाळवल्यानं वजन घटतं म्हणून अनेक जण ओलाच माल घालतात. त्याचाही हिशेब बघा. १८ टक्के ओलाव्याचा १०० किलो माल १२ टक्क्यांवर वाळवला तर साधारण ९३ किलो राहतो. समजा ओल्या मालाला ३,८०० रुपये दर मिळतो, तर १०० किलोचे ३,८०० झाले. वाळलेल्या ९३ किलोचे ४,३०० दरानं ४,००० रुपये होतात. आणि हमीभावानं गेला तर ४,९५० च्या पुढं. दोन-तीन दिवसांचं ऊन एवढं देऊन जातं.

३. तारण कर्ज : पैशाची नड आहे म्हणून पडत्या दरात विकायचं, यावर एक तोडगा आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी व्याज ६ टक्के. १० क्विंटलची किंमत ४२,००० धरली तर ३१,५०० रुपये हातात येतात. तीन महिन्यांचं व्याज ४७० रुपयांच्या आसपास. म्हणजे क्विंटलला ४७ रुपयांत तीन महिने थांबता येतं. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, हे सचिवांना जाऊन विचारा.

४. सगळा माल एकदम नको : वाट बघायचीच असेल तर निम्मा माल विका, निम्मा ठेवा. २०२१ मध्ये दहा हजारांवर असताना "अजून वाढेल" म्हणून थांबलेल्यांना शेवटी निम्म्या दरात विकावं लागलं.

५. बातमी कोणती बघायची : चीन-अमेरिकेच्या बातमीपेक्षा तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. खाद्यतेलाचं आयात शुल्क, पेंडीचा दर आणि सरकारी खरेदीच्या तारखा. या तीन गोष्टी तुमच्या काट्यापर्यंत लवकर पोचतात.

चीन आणि अमेरिका आज भांडतील, उद्या हात मिळवतील. २०१८ ला भांडले, २०२० ला मिटलं. २०२५ ला भांडले, परत मिटलं. त्यात ब्राझीलच्या शेतकऱ्याचा फायदा झाला आणि अमेरिकेच्या शेतकऱ्याला सरकारनं मदत दिली. आपल्या शेतकऱ्याला दोन्ही मिळालं नाही, फक्त मेसेज मिळाला. तेव्हा पुढच्या हंगामात कुणी "दर सात हजार होणार" म्हणाला, की त्याला एवढंच विचारा : पेंड आज काय दरानं चाललीय?